सोळा हातांचं खळं

मी ज्या माणसाचा सर्वांत जास्त ऋणी आहे ती माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. श्रेय शिक्षकांचंही आहे, पण वर्तुळाचं क्षेत्रफळ मला तिनं शिकवलं, आणि तेही शेणानं.

दहावीला मी गणितात एकदा नापास झालो होतो. मार्चमध्ये पुन्हा बसायचं होतं. बाबांनी सांगून टाकलं होतं, या खेपेला गेलं तर शाळा बंद, आंबागडच्या मामाकडे जंगलकामाला जायचं.

त्या वर्षी धान भरपूर झालं, म्हणून मोठ्या आईला खळं मोठं हवं होतं. मधे खुंटी रोवायची, तिला दोर बांधायचा, तो ताणून गोल आखायचा आणि आतली जमीन शेणानं सारवायची, ही आमची रीत. एरवी दोर आठ हात आणि शेण पाच टोपल्या.

"यंदा दोर सोळा हात घे," ती म्हणाली. "शेण किती लागन गा, मॅट्रिकवाल्या?"

"दुप्पट दोर, दुप्पट शेण. दहा टोपल्या."

"पक्कं?"

"गणित आहे, मोठी आई."

"तुयं गणित आहे, म्हणूनच इचारून राहिली."

आखलेली रेघ पुसली जाऊ नये म्हणून काठापासून सारवायचा हट्टही माझाच. ती सारवत सारवत आत सरकत गेली. दहा टोपल्या संपल्या तेव्हा ती मधे उभी होती, आणि तिच्याभोवतीची कोरडी जागा गेल्या वर्षीच्या अख्ख्या खळ्यापेक्षा मोठी होती.

"आता मी बाहेर कशी येऊ? उडून?"

ओल्या सारवणावर पाय द्यायला ती तयार नव्हती. मी टोपली घेऊन दारोदार शेण मागत फिरलो. शेजारच्या काकूनं विचारलं, "काहून रे, यंदा पेपरात शेण येऊन राहिलं का?" आणखी दहा टोपल्या जमल्या. मी काठावरून गोळे फेकायचो, मोठी आई झेलायची. एक तिच्या कपाळावर बसला. तेव्हा ती जे बोलली ते इथं लिहीत नाही.

सारवण वाळेपर्यंत ती खुंटीशी बसून राहिली आणि तिथूनच माझी परीक्षा घेतली.

"दोर किती पट केला?"

"दुप्पट."

"शेण?"

"चौपट."

"काहून?"

मी बोटानं मातीत एक गोल काढला, मग त्याच्याभोवती दुसरा.

"अरे, गोल लांबबी वाढला अन् रुंदबी वाढला ना! शेण दोन्हीकडं लागते."

पुस्तकातला त्रिज्येचा वर्ग मला त्या क्षणी दिसला.

निकाल लागला तेव्हा मी शहापूरला आत्याकडे होतो. मोठी आई चौथी शिकलेली. "मोबाईलवरचं मले खरं वाटत नाही, कागदावर लिहून धाडजो," असं तिनं बजावलं होतं. मी हे पत्र पाठवलं:

"मोठी आई, मी पास झालो. गणितात थोडक्यात, पण पास. दोन वर्तुळांच्या क्षेत्रफळांची तुलना आली होती, एकाची त्रिज्या तिप्पट. बाहेर आल्यावर सगळे तीनपट म्हणत होते. मी नऊपट लिहिलं होतं. दिवसभर भीती वाटली, मग सरांनी बरोबर सांगितलं. तू नसतीस तर मीही तीनच लिहिलं असतं. बाबा काल इथं आले होते. मामाचं नावही काढलं नाही. अकरावीच्या फॉर्मवर त्यांनी स्वतः सही केली, आणि पेन मलाच देऊन गेले."