मंडईतलं हसू

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, नाटक कंपनीतल्या जिवाभावाच्या माणसांजवळ नाही, दोन घोट पोटात गेल्यावरही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही—निदान तोंडाला रंग नसताना तरी नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो. मी रडायला बसलेलो नाही. माझी कीव यावी असं या गोष्टीत काहीच नाही. यायला लागली तर वाचणं थांबवा.

तुम्ही गडचिरोली-चंद्रपूरकडचे असाल, तर टिकाराम उस्ताद तुम्ही पाहिलाच असेल. धान निघाला की आमच्याकडे गावोगावी नाटकं लागतात, वडशाहून कंपन्या निघतात. नाटक कुठलंही असो, कुणाचं लग्न मोडो की कुणाचा खून होवो, मधे उस्ताद येतोच. जुन्या काळचा गंमतवाला म्हातारा. काळा कोट, आखूड धोतर, हातात छडी. गाणं म्हणायला उभा राहतो आणि शब्द विसरतो. छडी पडते. ती उचलायला वाकतो तर हाताला सापडत नाही. तोंड एका बाजूला ओघळलेलं. मग लोकांकडे बघून म्हणतो, "धय मये!"—आणि मंडप कोसळतो. पोरं शाळेत एकमेकांना धय मये म्हणतात. वरातीत नाचणारे म्हणतात. तो उस्ताद म्हणजे मी.

मुलाखत घ्यायला येणारे नेहमी एकच विचारतात, हे पात्र सुचलं कसं? मी सांगतो, लहानपणी आठवडी बाजारात असा एक म्हातारा पाहिला होता. असा म्हातारा मी कुठल्याच बाजारात पाहिलेला नाही.

मी पाहिले होते ते देवाजीभाऊ. आणि ते असे नव्हते. हे नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

देवाजीभाऊ कुरखेड्याच्या बाजूचे. एरवी गावच्या तलावात जाळं टाकायचे, आणि दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की गंमत करायचे, म्हणजे डफाच्या तालावर गाणी आणि नकला. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच—भरदुपारी, तलावाच्या पारेखाली म्हणजे बांधाखाली, जिलेबीच्या दुकानांच्या मधोमध आमचा डफ वाजायचा. भाऊ विसरत नसत. अडखळत तर नसतच. समोर बसलेल्या एखाद्याने जांभई दिली, तर त्या जांभईवर ते उभ्या उभ्या कडवं रचायचे आणि जांभई देणाराच सगळ्यांत जास्त हसायचा. हाताला, पायाला, जिभेला कसली चपळाई! मला त्यांनी जवळ केलं, घरात जेवू घातलं, शिकवलं. "हसू चढून राह्यलं तवा बोलाचं नाई बाबू," ते म्हणायचे. "उतराले लागलं का मंग बोल." आजही मी त्यावरच पोट भरतो.

पण गमतीत माझं काम काय होतं माहीत आहे? "मग?" म्हणायचं. ते बोलायचे, मी विचारायचो, "मग?" लोक त्यांच्यावर हसायचे. माझ्या "मग"वर कधीच कुणी हसलं नाही. वर्षानुवर्षं त्या हसण्याच्या इतक्या जवळ उभं राहायचं आणि त्यातलं आपल्या वाट्याला काहीच नाही—तुम्हाला काय वाटतं, माणूस त्याने गुणी होतो? मी नाही झालो. रात्री अंथरुणावर पडलो की मी त्यांची वाक्यं माझ्या तोंडून म्हणून बघायचो. गुरू म्हणून पाया पडायचो आणि पोटातून जळायचो. दोन्ही खरं होतं.

आणि मग ती मंडई आली.

दुपार होती. गर्दी भरपूर. यमुनाबाई, म्हणजे भाऊंची बायको, पलीकडे बायकांत बसली होती. भाऊंनी गाणं उचललं आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. मी म्हटलं, "मग?" ते माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा ओळ उचलली, शब्द भलतेच आले. कुणीतरी हसलं. मग उजव्या हातातली छडी गळून पडली. ते वाकले. हात छडीच्या बाजूला पडला, छडीवर नाही. पुन्हा वाकले. आता सगळे हसायला लागले होते.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. त्यांचं तोंड उजवीकडे ओघळलं होतं.

आता ऐका. माझ्या बापाला लकवा मारला होता. जेवताना, माझ्यासमोर. तोंड कसं ओघळतं, घास कसा बाहेर येतो, हात कसा परका होतो—हे मी घरात पाहिलं होतं. त्यामुळे त्या दुपारी मला कळलं. नंतर नाही, शंका म्हणून नाही. लख्ख कळलं.

भाऊ माझ्याकडे वळले. त्यांना म्हणायचं होतं, "धर मले." जिभेवरून आलं ते, "धय मये."

आणि मी काय केलं?

मी लोकांकडे तोंड केलं, माझंही तोंड वाकडं केलं आणि म्हटलं—"धय मये!"

तसं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं. देवाजीभाऊंच्या चांगल्यातल्या चांगल्या दिवशीही नाही. पारेवरची पोरं लोळायला लागली. ते हसू माझं होतं, माझ्या वाक्यावर आलेलं. ते उतरायला लागलं—आणि मी पुन्हा म्हटलं. बरोबर उतरायला लागल्यावर, जसं त्यांनी शिकवलं होतं तसं. भाऊ डावा हात माझ्याकडे करून उभे होते. मी तो हात धरला नाही. त्या हाताची नक्कल केली. आणखी एकदा म्हटलं, आणखी एकदा. ते कोसळले, तेव्हा कुठे मी ओरडलो, "पाणी आणा!"

लोक तरीही हसत होते. पडण्यावरही.

मालवाहू गाडीत घालून त्यांना गडचिरोलीला नेलं. यमुनाबाईच्या मांडीवर डोकं होतं. रस्ताभर मी तिला सांगत राहिलो, "बाई, मले वाटलं भाऊ नवी नक्कल करून राह्यले." ती म्हणाली, "तू काय करशीन बाबू. सारेच हासून राह्यले होते. मी बी हासली." तिला ते लागून राहिलं होतं, की आपण हसलो. मी ते तसंच राहू दिलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे नक्की कधी सुरू झालं? मी म्हटलं, "पडले तेव्हाच." छडीपासून पडण्यापर्यंतचा सगळा वेळ मी गिळून टाकला. त्याने उपचारात फरक पडला का? माहीत नाही. कधी कुणाला विचारलं नाही, आणि का विचारलं नाही तेही मला माहीत आहे.

भाऊ वाचले. उजवं अंग गेलं ते गेलंच. जाळं सुटलं, गंमत सुटली. बोलणं म्हणजे काही तुटके शब्द, ते फक्त यमुनाबाईला समजायचे. मी आधी वरचेवर जायचो, मग कधीतरी, मग नाहीच. एका नाटक कंपनीत लागलो. तिथेही "मग?" छाप कामं. एकदा नायकाची गाडी रस्त्यात बंद पडली, प्रेक्षक खुर्च्या आपटायला लागले. मालक म्हणाला, जा, काहीही कर. मी कुणाचा तरी काळा कोट घातला, छडी घेतली. मंचावर गेलो आणि ती पाडली.

काय करणार आहे हे मला माहीत होतं. लोक कसे हसणार आहेत हेही माहीत होतं. मी ते आधी एकदा करून पाहिलेलं होतं.

तिथून उस्ताद मोठा झाला. फलकावर नायकाशेजारी माझा चेहरा येऊ लागला. दरवर्षी मी त्यात भर घालत गेलो—खुर्चीवर बसताना खुर्ची चुकते, टाळी वाजवताना एकच हात हलतो. हळूहळू लोकांना वाटायला लागलं, जुने गंमतवाले असेच असायचे. बावळट, विसराळू. ज्यांनी भाऊंना ऐकलं होतं तेही आता म्हणतात, हो, तसेच होते ते. माणूस होता सुरीच्या पात्यासारखा, आणि मी लोकांच्या डोक्यात त्याच्या जागी बाहुलं बसवलं. कंपनीतली पोरं म्हणतात उस्ताद म्हणजे जुन्या कलावंतांना सलाम. मी मान हलवतो.

मग चंद्रपूरला एक कार्यक्रम झाला. दुपारचा, सभागृहात. जुन्या कलावंतांचा सत्कार आणि मधे करमणूक म्हणून उस्ताद. पडद्याच्या फटीतून बघितलं, तर पहिल्या रांगेत देवाजीभाऊ. अंगावर नवी शाल, मांडीवर नारळ, शेजारी यमुनाबाई. आयोजकांना कशाची कल्पना नव्हती.

पोट दुखतंय म्हणता आलं असतं. निदान ते एक वाक्य गाळता आलं असतं. तुम्ही गाळलं असतं का? मी नाही गाळलं. छडी पाडली, वाकलो, तोंड ओघळू दिलं. यमुनाबाई पदर तोंडाला लावून हसत होती, भाऊंना सोडून ती कुठे जात नसे, तिने मला इतक्या वर्षांत मंचावर पाहिलंच नव्हतं. मग मी म्हटलं, "धय मये!" सगळं सभागृह हसलं आणि तिचं हसू थांबलं. घरात रोज सकाळी भाऊंना उठायचं असायचं, तेव्हा ते तिला हेच म्हणायचे. भाऊ माझ्याकडे बघत होते. तोंड तर त्यांचं कायमचंच वाकडं, त्यावरून काय ओळखणार? पण डोळे ओलेबिले नव्हते. एखाद्याचं काम बारकाईने बघावं तसे बघत होते. त्या नजरेखाली मी आयुष्यातला सगळ्यांत चांगला उस्ताद केला. हेही खरं आहे, आणि तेही मी लपवणार नाही.

कार्यक्रम संपल्यावर यमुनाबाई मला दाराशी भेटली.

"तुले तवाच समजलं होतं ना रे?"

"काय बाई?"

"मंडईत. तुले समजलं होतं."

"नाई बाई. मले काऊन समजन?"

मागे खुर्चीतून भाऊंनी डावा हात पुढे केला आणि म्हणाले, "धय मये." बाजूला माझ्यासोबत फोटो काढायला दोन तरुण थांबले होते, ते टाळी देऊन हसले. "पहा उस्ताद, बाबा बी तुमची नक्कल करून राह्यले!" मी हसलो. त्यांच्याबरोबर हसलो आणि फोटोला उभा राहिलो. यमुनाबाईने भाऊंना एकटीने उठवलं.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. मी तिरडीला खांदा दिला. लोक म्हणाले, चेला असावा तर असा. मी हात जोडले. यमुनाबाई सगळ्यांशी बोलली, माझ्याशी बोलली नाही.

ती कुणाला काही सांगत नाही. सांगितलं तरी तिचं कोण मानणार? माझं मानतील, म्हणून मी सांगतोय. मला कळलं होतं. मी हात धरला नाही. डॉक्टरांशी खोटं बोललो आणि तिच्याशी दोनदा खोटं बोललो. प्रायश्चित्त म्हणून उस्ताद सोडून दिला, असं इथे लिहायला बरं दिसलं असतं. पण मी सोडलेला नाही आणि सोडणार नाही. ज्या हसण्यासाठी मी हे केलं ते मला अजूनही हवं आहे, आणि दर हंगामात ते मला मिळतं.

परवा कुरखेड्याकडेच प्रयोग आहे. यमुनाबाईच्या घरापासून पायी येता येईल इतक्या जवळ. ती आली तर तिला पुढची खुर्ची मिळेल. नाही आली तरी पडदा वेळेवर उघडेल, आणि मी कोट चढवून मंचावर जाईन.