कागदावर नसलेली कमाई

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी बारामतीच्या एका शाळेत कारकून होतो. भाड्याच्या खोलीत बायको ब्लाऊज शिवायची, आणि लग्नसराईत तिची कमाई माझ्या पगाराला मागं टाकायची. जळोचीत दोन खोल्यांचं घर विकायला निघालं, तेव्हा आम्ही दोघं कर्जासाठी बँकेत गेलो. आयुष्यातलं पहिलंच घर. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती.

साहेब सज्जन होते. त्यांनी माझा पगाराचा दाखला पाहिला, आकडेमोड केली आणि एवढ्या पगारावर जेमतेम एका खोलीपुरतं कर्ज बसतं, असं हळहळून सांगितलं. मी बायकोच्या कमाईचं बोललो. त्यांनी तिच्याकडेही पगाराचा दाखला मागितला.

"मला कोण पगार देणार सायेब? मशीन माझी, दोरा माझा," ती म्हणाली.

"मग ही कमाई धरता येत नाही."

"म्हंजे ती हाय का न्हाय?"

"आहे हो. पण कागदावर नाही."

साहेबांच्या मंडळींचे दोन ब्लाऊज गेल्याच आठवड्यात आमच्याकडून शिवून गेले होते. तिनं तेही सांगितलं. शिलाई उत्तम झाल्याचं साहेबांनी कबूल केलं. पण नियमाला तीन वर्षांची आयकराची विवरणपत्रं लागत होती.

इंदापूरला तिच्या माहेरी ओळखीचे एक करसल्लागार होते. त्यांनी चष्मा काढून आमच्याकडं पाहिलं. कमाई कमी दाखवून द्या म्हणणारे रोज येतात, सगळी दाखवा म्हणणारे तुम्हीच पहिले, असं ते म्हणाले. कर काहीच बसत नव्हता, तरी विवरणपत्र भरलं. बायकोनं पावतीपुस्तक छापून घेतलं. पावती हातात पडली की गिऱ्हाईक बायका बिचकायच्या. आपल्यावर विश्वास उरला नाही, असं वाटून एकीनं तर येणंच सोडलं.

दरम्यान ते घर एका ऊसवाहतुकीच्या ठेकेदारानं रोख पैसे मोजून घेतलं. त्याचं ते चौथं घर. त्याला कुणी पगाराचा दाखला विचारला नाही.

तीन वर्षांनी आम्ही पात्र ठरलो. तोवर भाव इतके वर गेले होते की, दोघांच्या कमाईवर मिळालेल्या कर्जात एक खोली आणि पडवीच आली. मला हसावं की रडावं कळेना. बायकोनं मात्र मशीन पडवीत उजेडाला बसेल, हे आधीच ठरवून टाकलं होतं.

सह्यांच्या दिवशी नवे साहेब होते. कागदावर तिच्या नावापुढं व्यवसाय 'गृहिणी' असा टंकलेला. मी सही करून पेन तिच्यापुढं धरलं. तिनं ते घेतलं नाही.

"आधी हितं शिवणकाम लिवा," ती म्हणाली.

कागद पुन्हा टंकायला दोन दिवस लागतील, असं साहेब म्हणाले. ती खुर्चीत बसूनच राहिली. शेवटी त्यांनी तो शब्द खोडला, वर शाईनं 'शिवणकाम' लिहिलं आणि बाजूला स्वतःची सही केली. तिनं ते अक्षर अक्षर वाचलं आणि मगच पेन हातात घेतलं.