सासूचं गोडं पाणी

आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि त्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी शिजत नाही. म्हणून आमच्याकडे पोरगी द्यायला लोक कचरतात. माझ्या लग्नाची बोलणी परतवाड्याला झाली तेव्हा सासऱ्यांनी घर-शेतीचं फारसं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पान्याचं काय?"

माझ्याकडे लष्कराच्या लिलावातली एक जुनी पिकअप होती. परतवाड्याहून संत्री भरायची आणि आमच्या गावावरून अकोल्याला न्यायची, हा धंदा. मी छाती काढून म्हणालो, "गाडी इकडं येतच राहते, मामाजी. तुमच्या पोरीले गोडंच पानी पाजीन."

तो शब्द मी अगदीच मोडला असं नाही. परतवाड्याचं पाणी पिंपं भरून घरी येत होतं. पण आधी ते गाडी पीत होती.

इंजिन थंड राहायला रेडिएटरमध्ये पाणी लागतं. खारं घातलं की आतल्या बारीक नळ्यांत क्षाराचा थर बसतो आणि गाडी सपाट रस्त्यावरही उकळते. गाडीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत पाणी गोठू नये म्हणून घालायच्या औषधाचं एक पान होतं. अकोल्याच्या मे महिन्यात ते वाचून मला हसू यायचं. आमच्यापुढे प्रश्न पाण्याचाच, कोणतं घालायचं. मी गोडंच घालायचो, फडक्यातून गाळून. मधूनमधून खालची तोटी उघडून जुनं पाणी सोडायचं, धुण्याचा सोडा घालून इंजिन थोडा वेळ चालवायचं, निघालेला गाळ काढून पुन्हा स्वच्छ पाणी भरायचं. रेडिएटर झिरपतही होता, त्यामुळे रोज सकाळी तांब्या-दोन तांबे लागतच. ते मी घरातल्या पिंपातून घ्यायचो. पिंप बायकोच्या स्वयंपाकाचं.

माझी आई लग्नाआधीच गेली होती. घरात सासू नाही, याचं बायकोच्या माहेरी बरं वाटलं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत बायको अंगणातल्या पिकअपकडे बोट दाखवून म्हणाली, "सासू नाई म्हनून देलं मले इथं. अन् हे काय हाय मंग? सकायी उठल्याबरोबर हिले पाजा, मंग उरलं तं मले."

"अवं, ही चालली तं पानी येईन."

"हो ना बाप्पा. म्हून तं तिच्या पाया पडून रायली."

मी हसलो. तेव्हा मला ती थट्टाच वाटली.

ती गरोदर असतानाची गोष्ट. एका संध्याकाळी जेवायला बसलो तर डाळ कच्ची. सकाळी मी रेडिएटर धुऊन भरला होता, त्यात पिंप रिकामं झालं होतं. तिने विहिरीच्या पाण्यात डाळ लावली होती आणि दिवसभर तेच पाणी प्यायली होती. आम्ही दोघं डाळीचे दाणे चावत राहिलो. तो कुटकुट आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

बाळंतपणाला ती माहेरी गेली. मुलगी झाली. आणायला गेलो तर सासरे ओसरीवर बसलेले.

"जवाईबुवा, पोरगी सांगते, गाडी पानी पेते."

"पेते, मामाजी."

"मंग गाडीसंगंच लगन लावाचं होतं."

आतून बायका हसल्या. माझी मान वर झाली नाही. शेवटी ते म्हणाले, "या टायमाले धाडतो. पुन्हा डाळ शिजली नाई तं मी सोता तिले घ्याले येईन, अन् मंग धाडनार नाई."

पिंपं भरून आम्ही निघालो. दर्यापूरच्या पुढे गाडी उकळली. बाभळीखाली थांबून ती निवू दिली, झाकणावर ओलं पोतं टाकून ते जपून फिरवलं. मागच्या हौद्यात गोड्या पाण्याची पिंपं होती आणि शेजारच्या शेतात खारी विहीर. मी डबा घेऊन विहिरीकडे गेलो. आता बायकोच्या वाट्याचा थेंब घ्यायचा नाही, असं मनात घोकत मी रेडिएटर भरला.

बायको मुलीला घेऊन खाली उतरली. तिने डब्याच्या कडेवर बोट फिरवून जिभेला लावलं.

"खारं टाकलं?"

"हो. तुह्या पान्याले आता हात नाई लावत."

"मले इचारलं का?"

मी रेडिएटरचं झाकण बसवू लागलो.

"घेतलं तवा इचारलं नाई. आता सोडलं, तरी इचारलं नाई. सासू खारी होऊन बसली तं गोडं पानी आनन कोन? माहा बाप?"

तो डबा ओतताना मला फार हलकं वाटलं होतं. ते हलकेपण तिथंच उतरलं. पाणी तिचं असल्याचं मी मान्य केलं होतं, पण त्याचं काय करायचं हे ठरवणं अजून माझ्याचकडे ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात मी तोटी उघडून सगळं पाणी सोडलं, सोडा घालून रेडिएटर धुतला. मग तिने आपल्या पिंपातून तांब्या-तांब्याने पाणी काढून दिलं आणि मी ते गाळून भरलं. उरलेल्या पाण्यात तिने डाळ लावली. ती शिजली. सासरे तिला न्यायला कधी आले नाहीत.

त्यानंतर रोज सकाळी मी रिकामा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचो.

"सासूले किती?" ती विचारायची.

"दोन."

"दीडच घ्या. डाळ धुवाची हाय."

मी दीडच घ्यायचो.