एका कांडीचं जेवण

समस्त नातलग, शेजारी व भाजीविक्रेत्यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, माझ्या थोरल्या साडूंनी सुरत शहरातील वालपापडीशी असलेले सर्व संबंध तोडले आहेत. ही घोषणा त्यांनी लिंबायतच्या भरबाजारात स्वतः केली, तेव्हा मी पिशवी घेऊन शेजारी उभा होतो. स्वतःच्या पोटावर इतका मनापासून रागावणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही. पोट फुगलं की आपण ओवा खातो. साडू पोटाला शिव्या द्यायचे, मग पोटात गेलेल्या पदार्थाला, आणि शेवटी तो पदार्थ विकणाऱ्याला. त्या दिवशी पापडीच्या टोपलीसमोर उभं राहून त्यांनी इतका आवाज चढवला की विकणारी बाई काकुळतीला येऊन म्हणाली, "काका, लेवी न होय तो न लो, पण पापडीने वढो छो केम?" घ्यायची नसेल तर नका घेऊ, पण पापडीला का रागावता? साडू म्हणाले, "तिनं माले गेटवर बठाडाचं ठरवेल शे!"

हे गेटचं प्रकरण खरं होतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. साडू एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, जॉबर होते. लूम बिघडला की त्याच्याखाली उताणं सरकायचं आणि अंधारात हाताच्या अंदाजानं तो दुरुस्त करायचा, ही त्यांची विद्या. धुळ्याकडून आले तेव्हा सळईसारखे होते. नव्वद सालानंतर पोटानं अशी उचल खाल्ली की दुपारी जेवल्यावर ते लूमखाली अडकायला लागले. एकदा दोघांनी पाय धरून ओढून काढलं, तेव्हा मालकाचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मास्टर, उत्तरायण तक देखते हैं. नहीं तो आप गेट पर बैठो, आराम से." त्या 'आराम से'नं साडूंची झोप उडाली. गेटवर स्टूल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा, ह्यापेक्षा सरळ गावी परत जाणं बरं, असं ते म्हणायचे. आणि गावी परत जाण्यासारखं काही नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पोटावर टिचक्या मारल्या आणि यादी सांगितली : पापडी बंद, चवळी बंद, हरभरा बंद, कच्चा कांदा बंद, बेसन बंद. प्रत्येक नावाला साडूंचा चेहरा एकेक नातेवाईक गेल्यासारखा होत होता. बेसनाला तर ते उभेच राहिले. "मंग खाऊ काय? तुमचं सर्टिफिकेट?" असं विचारून चपला घालून चालू पडले. डॉक्टर मागून काहीतरी म्हणत होते. ते ऐकायला सोबत आलेल्या ताई तेवढ्या थांबल्या. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, आणि साडूंचा राग पंचवीस वर्षं पचवणारी एकमेव व्यक्ती.

पथ्य मात्र त्यांनी पाळलं, आणि सूड उगवल्यासारखं पाळलं. शेवभाजी गेली, भरीत गेलं, रविवारच्या फाफड्याकडे ते शत्रूकडे बघावं तसे बघत. दोन वेळा मुगाची पातळ खिचडी आणि वर जिऱ्याचं ताक. तरी पोट जागचं हलेना. मग त्यांनी पाण्याला पकडलं. "सुरतचं पानीच खराब!" मी म्हटलं, "साडूभाऊ, तीच तापी भुसावळहून येते." ते गरजले, "तठलोंग चांगली ऱ्हास! इथं येईसन बिघडस!"

उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, तीन आठवडे उरले असताना एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. आम्हा दोघांना ताटं वाढून ताई चुलीकडे वळल्या. मी भाकरीचा पहिला तुकडा मोडला, वर पाहिलं, तर साडू हात धुवत होते. खिचडीचं ताट रिकामं, आणि पोट आत्ताच वर यायला लागलेलं.

"अहो, जेवलात की गिळलंत?"

ताई म्हणाल्या, "त्यांचं जेवण एका कांडीचं." धोट्यातली धाग्याची कांडी पाच मिनिटांत संपते, ती संपायच्या आत डबा उरकायचा, नाहीतर लूम थांबतो. साडू विणकर होते तेव्हाची ही सवय. जॉबर होऊन जमाना झाला, तरी सुट्टीच्या दिवशीही ते कुठल्यातरी कांडीशी शर्यत लावून जेवत होते. "डॉक्टर मागून तेच सांगत होते," ताई म्हणाल्या, "सावकाश चावून खा. पण ऐकतं कोण?"

"सावकाश म्हंजे किती सावकाश?" साडू भडकले. घरात हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा माझ्यातला खोडकर माणूस जागा झाला. मी म्हटलं, "ताईंना शेजारी बसवा. त्यांचा घास, मग तुमचा घास. त्या उठल्याशिवाय उठायचं नाही."

ताई लाजून लाल. "मी कशी बसू? मी मागून जेवते." त्यांच्याकडे बाई मागूनच जेवायची. साडूंनी भिंत हलेल असं ओरडून सांगितलं, "बठ म्हंतस ना! माले गेटवर धाडतीस का?"

पुढे उत्तरायणाच्या आदल्या दिवशी साडू लूमखाली सरळ शिरले आणि मालकाच्या मुलावर तिथूनच ओरडले, त्याची हकीकत लिंबायतभर झाली. आज ते खातंही नाही आणि ते लूमही नाहीत. मला मात्र तो रविवारच आठवतो. साडूंनी दुसऱ्यांदा चार घास खिचडी घेतली होती. ताई भिंतीकडे अर्धं तोंड करून बसल्या. त्यांच्या ताटात मोडकी अर्धी भाकरी आणि पातेल्याच्या बुडाची खरवड होती. त्यांनी एक घास घेतला आणि खूप वेळ चावला. साडू हात आवरून, दात-ओठ खात वाट बघत होते. वाट बघण्याखेरीज काही काम नसल्यामुळे ते बायकोच्या ताटाकडे बघत राहिले. नंतर तिच्या तोंडाकडे. मग त्यांचा चेहरा लालबुंद झाला, आणि आता पापडीचं नाव निघणार असं मला वाटलं, तोच ते माझ्यावर ओरडले :

"पंचवीस वरीस व्हई गयात, हाई बाई एकलीच जेवस, अन् माले कोनी सांगं बी नई!"