उन्हात राहिलेली परागाची डबी

फ्रीजची एक बाजू पुसून झाली होती, दुसरी राहिली होती. श्रावणात घरात कानबाई देवी बसायची म्हटलं की सोनगीरच्या सुमनबाईंच्या घरात चमचासुद्धा धुतल्यावाचून राहत नाही. गोधड्या, डबे, देव्हारा उरकून त्या फ्रीजपाशी आल्या, बटण बंद केलं आणि आतलं सगळं गच्चीच्या कठड्यावर मांडलं.

बर्फ वितळेपर्यंत तीन तास गेले; फडकं पिळताना त्यांचं लक्ष कठड्यावरच्या छोट्या डबीकडे गेलं आणि त्यांनी ती झटकन मुठीत घेतली.

डबी सुनेची होती. धुळ्याला कॉलेजात बियाण्याचं काम करणारी कामिनी चार वर्षं परसात कटुर्ल्याचे, म्हणजे करटोलीच्या रानभाजीचे, वेल जोपासत होती. कटुर्ल्यात नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. तिची सारी भिस्त ज्या नरावर, त्याचा कंद आषाढात कुजला. त्याआधीच तिने त्याचे पराग वाळवून, ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांसोबत बंद करून फ्रीजरमध्ये जपले होते. मादीची पहिली कळी आज तिन्हीसांजेला उमलायची होती. हे सुमनबाईंना पाठ होतं. बर्फ मागणाऱ्या नातीलाही त्या फ्रीजरला हात लावू देत नसत. आणि आज त्यांनीच...

कामिनी दुपारी आली तेव्हा डबी त्यांच्या मुठीत होती.

"सावलीत होती ना, आई?"

"उनमा व्हती. मनी चूक शे, पोरी."

कामिनी रागावली नाही, त्याचीच सुमनबाईंना जास्त धास्ती वाटली. तिने काचेवर साखरपाण्याचा थेंब टाकला, त्यात चिमूटभर पराग सोडले आणि तासाभराने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मागच्या आठवड्यात शंभरात सत्तर रुजले होते.

"आठ," ती म्हणाली. "पुढच्या कळीपर्यंत हेही राहायचे नाहीत. सगळी डबी आजच्याच फुलाला." मग थांबून, "कानबाई काही फ्रीजर उघडून बघत नाही, आई."

 सुमनबाईंना देव्हाऱ्याकडे बघायचाही धीर होईना. इतकी वर्षं जिच्यासाठी घर घासलं, तिच्याच नावाने हे घडलं होतं.

पराग लावल्यावर फुलावर पिशवी चढवावी लागते, नाहीतर किडामुंगी दुसऱ्या नराचे पराग आणते. कागदी पिशव्याही सकाळच्या धुण्यात भिजून लगदा झाल्या होत्या. फ्रीज तसाच अर्धा ठेवून सुमनबाईंनी चपला घातल्या. तिन्हीसांजेच्या आत नव्या पिशवीसाठी गावातल्या पुखराजशेठच्या दुकानातून बटरपेपर आणायचा होता.