आत्याला झोपवेल असं चॅनेल

आत्याची झोप कोयलीच्या घरीच राहून गेली. बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटवर तिचं सामान टेम्पोतून आणलं, त्यात पलंग आला, गादी आली, उशासुद्धा आल्या. झोप तेवढी आली नाही. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, कोयलीच्या रिफायनरीत होते आणि आत्याने उभा संसार त्या यंत्रांच्या घुमण्यावर झोपून काढला होता. ते घुमणं साधंसुधं नव्हतं. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे जायचो तेव्हा तिथले कावळे भर दुपारी तारेवर बसून जांभया देताना मी या डोळ्यांनी पाहिलेत. काका गेले, ते घर सुटलं, आणि आत्या आमच्याकडे आली ती टक्क उघड्या डोळ्यांनी.

सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. मग तिच्या हातातून वाट्या निसटायला लागल्या. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर टाकून ती खिडकीबाहेर बघत राहायची, जणू उरलेलं वाक्य समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातलंय. डॉक्टर म्हणाले, यांना झोप मिळाली नाही तर एक दिवस चक्कर येऊन पडतील. गोळ्या दिल्या. आत्याने त्या पाहिल्या आणि परत केल्या.

"गोळी घेऊन झोपायचं म्हणजे भाड्याची झोप. मला नको."

"मग टीव्हीवर काहीतरी शांत लावू," मी म्हणालो. "हवे बस, आता पुरे, वाद नको."

दुपारी पडदे ओढून मी व्हिडिओंच्या समुद्रात उतरलो. झोप आणणारी चॅनेलं तिथे इतकी आहेत की, ती सगळी एकदम लावली तर अख्खं बडोदं आठवडाभर उठणार नाही. एक माणूस मधात भिजवलेल्या आवाजात कानाशी कुजबुजत होता, "डोळे मिटा... शरीर सैल सोडा..." आत्या ताठ उठून बसली.

"मिटले हो डोळे. पण ऐकतेय हं मी, तुम्ही बोला."

इथेच आमचं घोडं अडलं. आमच्या घराण्याचा एक कडक नियम आहे. समोर कोणी कला सादर करत असेल तर डोळा लागता कामा नये आणि अर्ध्यावर उठता कामा नये. याचं कारण आमचे एक पूर्वज. दरबारात गाणं चालू असताना त्यांना डुलकी लागली, पगडी घरंगळली आणि थेट तबल्यावर आदळली. नेमकी समेवर आदळली म्हणून सभेने "वाहवा" केली, हा भाग वेगळा; पण पणजीने त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला. तेव्हापासून आमच्यात लेकरांना आधी बसायला शिकवतात, मग चालायला.

मी सलग दहा तास नुसता पंख्याचा आवाज देणारं चॅनेल शोधून काढलं. त्यात माणूसच नाही, म्हटलं आता कोण आडवं येणार?

"दहा तास?" आत्याने पदर सावरला. "दहा तास बिचारा पंखा धरून बसला असेल कोणीतरी, आणि मी घोरत पडू?"

"आत्या, ते मशीन आहे," बायको म्हणाली.

"मशीन चालू करून बाजूला कोणीतरी बसलंच असेल ना गं? तुझे काका बसायचे."



मग शोध लांबत गेला. आत्या कुठलाच व्हिडिओ शेवटापर्यंत सोडत नसल्यामुळे त्या ॲपचा असा समज झाला की, हे घर जगातलं सर्वांत रसिक घर आहे. त्याने आपल्या तळघरातला माल वर काढायला सुरुवात केली. बर्फाळ मुलखातली एक बाई लाकडाच्या चुलीवर कोबी शिजवायची आणि शिजेपर्यंत काहीही बोलायची नाही. एक जण ओल्या गल्ल्यांतून नुसता चालायचा, त्याचा चेहरा आम्ही कधी पाहिला नाही, पण पाऊल जड पडलं की आत्या म्हणायची, "आज दमलाय." पडद्यामागच्या त्या सोनेरी अंधारात आमची दुपार पातळ व्हायची. भिंतींवर बर्फ पडायचा, फ्रिजवर पाणी ठिबकायचं. मला तर कोबीचा वास यायचा. आम्ही दोघं सोफ्यावर कलंडायचो आणि आत्या मात्र हॉलमधल्या आपल्या पलंगावर, अंगणात पाहुणे आल्यासारखी जागी.

एका दुपारी ॲपने एक तळं दाखवलं. बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातले आम्हीच तिघं. एक म्हातारा, वेताची खुर्ची, चार बदकं. भाषा ना आपली, ना गुजराती, ना हिंदी. तो बदकांबद्दल बोलायचा, मध्येच थांबायचा, पाण्याकडे बघायचा. कोणीही शहाणा माणूस दुसऱ्या मिनिटाला निघून गेला असता. आम्हाला मुभा नव्हती.

म्हाताऱ्याचं बोलणं हळूहळू विरळ झालं. मान खाली आली. हनुवटी छातीला टेकली. मग तळ्यावरून एक लांब, संथ, गुबगुबीत घोरणं आमच्या हॉलमध्ये आलं.

आत्या पुढे वाकली. "झोपले वाटतं?"

"वाटतं," मी म्हणालो. श्वास रोखला. बायकोने माझा हात घट्ट धरला.

आत्याने आणखी थोडा वेळ वाट पाहिली, कदाचित ते उठून माफी मागतील म्हणून. बदकं एकामागून एक पाण्यात उतरली.

"यजमानच झोपले," ती म्हणाली. "मग आपण तरी कशाला ताटकळायचं?"

तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला, पदर अंगावर घेतला आणि कुशीवर वळली. दोन घोरणी एकमेकांत मिसळली. आमच्या छतावर तळ्याचा उजेड हलायला लागला. आपला चौथा मजला खांबांवरून सुटून शहरातल्या अलकापुरीच्या दिशेने अलगद वाहत निघालाय, असं मला स्पष्ट जाणवलं. वाटेत एका नळाचा पाइप घासला तोही जाणवला. स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली तर? बायको अनवाणी जाऊन गॅस बंद करून आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तीही झोपी गेली.

यापुढचं ज्याला पटेल त्यानेच मानावं, कारण जागा मी एकटाच होतो. बऱ्याच वेळाने म्हातारा दचकून जागा झाला. त्याने डोळे चोळले आणि थेट आत्याच्या पलंगाकडे पाहिलं. एक बदक ओरडायच्या बेतात होतं, त्याला हातानेच गप्प केलं. मग चपला काढून, पावलं न वाजवता, तो जवळ आला आणि त्याने कॅमेरा हळूच बंद केला.