उष्टं कुणाचं?

शेठने शिऱ्याचं पातेलं माझ्यासमोर मोरीत पालथं केलं.

तूप, केळी, बेदाणे, सगळं. वाफ वर आली. स्वयंपाकघरातली माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली. मी पळी धरून तसाच उभा.

"नैवेद्य उष्टा केलास तू," शेठ म्हणाला. "आता देवाला चालाचा नाय."

पनवेलला जुन्या हायवेवर शेठचं शुद्ध शाकाहारी हॉटेल आहे. मी तिथला मॅनेजर. दरवर्षी हॉटेलात सत्यनारायण होतो आणि प्रसाद आमच्याच भट्टीवर शिजतो. पदार्थ बाहेर जाण्याआधी चव बघायची, हे माझं काम. पळीतून थेंबभर तळहातावर घ्यायचं, चाखायचं, हात धुवायचा. पळी तोंडाला लावायची नाही, म्हणजे उष्टं होत नाही. पहिल्याच दिवशी शेठने स्वतः शिकवलं होतं.

नैवेद्याची चव बघत नाहीत, हे मलाही कळतं. पण गेल्या वर्षी "पाहुणे मोठे हाईत, चव बघून घ्या मॅनेजर," असं शेठच म्हणाला होता. वेलची कमी आहे म्हटलं, तर वेलची घेऊन धावत आला होता. तेव्हा देवाला चालला. मग यंदा देवाचं काय बिनसलं?

मला संशय होताच. माझं आडनाव त्यांच्या जातीतही असतं, आमच्यातही. शेठने कधी विचारलं नाही, मी कधी लपवलं नाही. यंदा चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत लेकीला खांद्यावर घेऊन मी नाचत होतो. शेठचा मेहुणा गर्दीत अडकलेल्या गाडीत बसला होता. त्याने काच खाली केली, मला नीट बघून घेतलं आणि हात केला. मीही हसून हात केला.

दुसऱ्या दिवसापासून 'मॅनेजर'चा 'अरे' झाला. माझ्या चहाला वेगळा कप आला, कान तुटलेला. कुणी काही बोललं नाही. बोलतच नाहीत हल्ली. माणूस स्वतःवरच शंका घेत बसतो. कप चुकून आला असेल. शेठची तब्येत बरी नसेल. घरी बायको म्हणाली, "तुम्ही उगाच मनाला लावून घेता." मलाही तसंच वाटायला हवं होतं.

शिरा ओतला आणि शेठने फर्मान काढलं, "आजपासून तू गल्ल्यावर बस. आत यायचा नाय. चव मेहुणा बघेल."

मी गल्ल्यावर बसलो. लाज वाटते सांगायला, पण बसलो. विचुंब्यात घराचं भाडं आहे, लेकीची शाळा आहे. तिथून प्रत्येकाकडे बघत राहायचो. भट्टीवरचा वस्ताद माझ्याशी कमी बोलतो का? वेटर मागे हसतात का? पाणी देताना कुणी हात आखडतो का? संशयाने माणूस आतून कुरतडला जातो. आपणच चोर असल्यासारखं वाटायला लागतं.

मग एक रविवार. बाहेर गिऱ्हाइकांची रांग. ऑर्डर खोळंबली म्हणून मी आतल्या दारापर्यंत गेलो. मेहुणा भाजीच्या मोठ्या पातेल्यापाशी उभा होता. त्याने पळी भरली, सरळ तोंडाला लावली, चाटली आणि तीच पळी पुन्हा पातेल्यात घातली. वरून ढवळलं. शेठ शेजारीच होता.

"झ्याक झालाय," मेहुणा म्हणाला. शेठ हसला.

माझा संशय तिथेच संपला. पळी चाटून पातेल्यात बुडवली, ते उष्टं नाही. माझा तळहात उष्टा. माझी जीभ उष्टी. मीच उष्टा.

मी आत गेलो.

"तुला सांगितला ना, आत यायचा नाय?"

"भाजी उष्टी झाली," मी म्हणालो. "वस्ताद, ओता."

वस्ताद हलला नाही. मग मीच फडक्याने पातेलं धरलं, ओढत मोरीपाशी नेलं आणि पालथं केलं. रस्सा माझ्या पायावर उडाला. चटका बसला, पण हात थांबला नाही.

"येडा झालास काय? रविवार हाय! बाहेर लाइन हाय!"

"देवाचा शिरा ओतलात तुम्ही. ही तर माणसांची भाजी."

शेठचा चेहरा लाल झाला. "चालता हो," तो म्हणाला.

"होतो. पण कारण बाहेर येऊन सांगा. रांगेतल्या माणसांसमोर, मोठ्याने. शिरा का ओतलात, तेही सांगा."

शेठने दाराकडे बघितलं. बाहेरून पोरांचे, बायकांचे आवाज येत होते. त्याने दार लोटून घेतलं. मी वस्तादला सांगितलं, "नवी भाजी टाका." यावेळी वस्तादने कांदा घेतला.

मला अजून काढलेलं नाही. त्याचाही मला संशय आहे. बहुतेक माझ्या जागी दुसरा शोधणं चालू असेल, त्याचं आडनाव नीट विचारून. शोधू देत. तो कान तुटलेला कप मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकला. रोज मी आत जातो आणि तळहात पुढे करतो. शेठ दारातून बघतो. मी त्याच्याकडे बघत बघत चव घेतो. ज्या दिवशी तो मला काढेल, त्या दिवशी कारण त्याला स्वतःच्या तोंडाने बोलावं लागेल. ते ऐकल्याशिवाय मी या दारातून बाहेर पडणार नाही.